रुमालाखाली विकलेला सिनेमा

माझ्या भाचीचा पहिला सिनेमा तयार होण्याच्या दोन महिने आधीच मी तो विकून टाकला. तोंडातून एक अक्षरही न काढता.

तेहतीस वर्षं मी बँकेच्या कर्ज विभागात काढली. समोरच्या माणसाला "तारण काय?" एवढा एकच प्रश्न विचारून मी संसार केला, दोन मुलं शिकवली आणि जुन्या जालन्यातल्या घरावर वर दोन खोल्याही चढवल्या. त्यामुळे वैशू, म्हणजे हसनाबादच्या माझ्या बहिणीची मुलगी, पाठीवर सॅक घेऊन आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "मामा, सिनेमासाठी पैसे उभे करायचेत," तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "तारण काय?"

"गोष्ट."

"गोष्ट गहाण ठेवता येत न्हाई, बाई."

"म्हणून तर बँकेत गेले न्हाई. तुमच्याकडं आलेय."

मग तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून गोष्ट सांगितली. एका गावात एक म्हातारा शिंपी असतो. तो हळूहळू सगळं विसरत चाललाय. बायकोचं नाव, घराचा रस्ता, सगळं. पण गावातल्या प्रत्येकाचं माप मात्र त्याला पाठ! माणूस दिसला की नाव आठवत नाही, मग "ए छाती अडतीस, बाही तेवीस!" अशी हाक मारतो. एक दिवस तो एक शर्ट शिवायला घेतो. कुणाचा, ते कुणालाच कळत नाही. बायको माप ऐकते आणि भिंतीला टेकून खाली बसते. ते माप त्यांच्या वारलेल्या मुलाचं असतं. शर्टाची एक बाही लावायची राहते आणि सिनेमा तिथंच संपतो.

माझी बायको सुनंदा तव्यापाशी उभी होती. तिच्या हातची करपलेली भाकरी मी लग्नानंतर पहिल्यांदा त्या दिवशी खाल्ली आणि कुरकुर न करता खाल्ली.

आता माझी समजूत अशी होती की सिनेमा काढायचा म्हणजे एखादा जाड शेठ भेटतो, तो सोन्याच्या अंगठ्या घातलेला हात वर करतो आणि कॅमेरा सुरू होतो. वैशूनं माझे डोळे उघडले. दोन वर्षं ती पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांचे जिने चढत होती. एकानं विचारलं, "हिरो कोण?" ती म्हणाली, "शिंपी." तो म्हणाला, "शिंप्याला तरुण करा आणि हिरोइनीचा ब्लाउज शिवू द्या." (वैशू चहा अर्धा ठेवून उठून आली. मी असतो तर चहा संपवून उठलो असतो.) दुसऱ्याला गोष्ट फार आवडली, इतकी आवडली की पुढे त्यानं फोन उचलणंच बंद केलं. सरकारी अनुदान मिळतं म्हणतात, पण ते सिनेमा पुरा झाल्यावर, तपासून, जमलं तर. म्हणजे बारशाच्या दिवशी डोहाळजेवणाचा खर्च मिळायचा!

पण पोरगी हटली नाही. सॅकमधून तिनं जे कागद काढले ते पाहून मी चष्मा पुसून परत घातला. गोष्ट अकरा वेळा लिहिलेली. कोणत्या दिवशी सकाळी काय, दुपारी काय, कोणता प्रसंग कोणत्या उन्हात, सगळं मांडलेलं. खर्चाच्या यादीत सुई-दोऱ्यापासून जनरेटरच्या डिझेलपर्यंत सारं होतं. बावीस माणसं, अठरा दिवस, दोन वेळचं जेवण, आणि त्यातली तीन माणसं गुरुवारी उपास करतात हेसुद्धा! तेहतीस वर्षांत मी साखर कारखान्यांचे प्रकल्प अहवाल पाहिले, पण असा चोख कागद माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. मला भरून आलं. मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. (हात कुठं ठेवावा याचं भान मला तेवढ्यापुरतं होतं.)

दहा लाख तिनं जमवले होते. स्वतःची पाच वर्षांची बचत, मैत्रिणींनी घातलेले पैसे, कॅमेरावाल्या मित्रानं सोडलेला पगार. एक लाख मीही घातले, सुनंदाला विचारून. खरं म्हणजे सुनंदानं मला सांगून. अजून आठ लाख हवे होते आणि घाई होती. तीर्थपुरीच्या बाजारपेठेत तिनं शिंप्याचं एक जुनं दुकान हेरलं होतं, लाकडी फळ्यांचं, आतल्या भिंतीवर खडूनं लिहिलेली जुनी मापं अजून तशीच असलेलं. मालकानं ते दसऱ्यापर्यंतच द्यायचं कबूल केलं होतं. दसऱ्याला तिथं मोबाइलचं दुकान येणार होतं आणि त्याआधी भिंतीला चुना लागणार होता.

अशा वेळी चांदभाई भेटले. चांदभाई म्हणजे जालन्याच्या गुरांच्या बाजारातले जुने बैलव्यापारी. सत्तरी ओलांडलेले, पांढरी दाढी, खांद्यावर भलामोठा रुमाल. वैशू सिनेमासाठी बाजाराचे आवाज टिपायला लागोपाठ तीन बाजार तिथं जाऊन बसली होती. चांदभाईंनी तिला आधी हाकललं, मग चहा पाजला, मग गोष्ट विचारली. गोष्ट ऐकून बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "अगले बाजार को बात करेंगे, बिटिया."

आणि नेमकं त्याच बाजाराच्या दिवशी वैशूला तीर्थपुरीला ग्रामपंचायतीचं परवानगीचं पत्र आणायला जावं लागलं.

"मामा," निघताना ती म्हणाली, "तुम्ही फक्त चांदभाईंना निरोप द्या. वैशू शुक्रवारी घरी येतेय म्हणावं. अर्धी भागीदारी, पण गोष्ट कशी संपवायची ते मी ठरवणार, हे माझं मी बोलीन. तुम्ही बाकी काही बोलू नका."

"एक अक्षर बोलणार न्हाई," मी म्हणालो.

"शपथ?"

"बँकेची!"

आता माझी एक अडचण सांगितली पाहिजे. बैलजोड्यांसाठी मी शेकड्यानं कर्जं मंजूर केली, पण बैल पाहिले ते पासपोर्ट साइझ फोटोत. प्रत्यक्ष गुरांच्या बाजारात पाऊल टाकण्याचा प्रसंग पहिलाच. सुनंदानं सांगितलं होतं, "पांढरा शर्ट घालू नका." मी पांढरा शर्ट घालून गेलो.

चांदभाईंनी मला लांबूनच ओळखलं. (सगळ्या बाजारात खिशाला पेन लावलेला मी एकटाच होतो.)

"आव साब, आव! बिटिया का काम है ना? हाथ दो."

मी हात दिला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. मला वाटलं, ऊन फार आहे, पाहुण्याच्या हाताला लागू नये म्हणून असेल. काय ही अदब! मग रुमालाखाली त्यांनी माझा अख्खा पंजा दाबला. मला वाटलं, प्रेम. मग तीन बोटं वेगळी धरून दाबली. मला वाटलं, संधिवाताचा काही इलाज असावा. बोलायचं तर नाही असं ठरलेलं, म्हणून मी नुसता हसलो.

माझ्या तळहाताला गुदगुल्या फार होतात. मी हात वळवळला, सुटेना. तेव्हा आपणही काही प्रेम दाखवावं म्हणून मी त्यांचा पंजा घट्ट दाबला आणि निसटता निसटता त्यांचं एक बोट माझ्या मुठीत राहिलं.

चांदभाईंचे डोळे एवढाले झाले. "पक्का, साब?"

मी मान हलवली.

"सोच लो!"

मी आणखी जोरात हलवली.

त्यांनी झटक्यात रुमाल उडवला, माझ्या हातावर टाळी दिली, अकराशे रुपये माझ्या खिशात पेनाशेजारी कोंबले आणि शेजारच्या परातीतून मूठभर गुलाल घेऊन माझ्या पाठीवर थापला. भोवतीची माणसं "मुबारक, मुबारक" करायला लागली. एकानं माझ्या पाठीवर थोपटून पाहिलं. मी सगळ्यांना नमस्कार करत बाहेर पडलो आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की निरोप द्यायचा राहून गेला!

घरी सुनंदानं दार उघडलं. "कोणत्या निवडणुकीला उभे राह्यले होते?"

"चांदभाईंनी सत्कार केला," मी म्हणालो. मला खरोखर तसंच वाटत होतं.

संध्याकाळी वैशूचा तीर्थपुरीहून फोन आला. पंचायतीचं पत्र हातात पडलं होतं, आवाजात आनंद मावत नव्हता.

"मामा, निरोप दिला का?"

"गरजच पडली न्हाई. फार प्रेमळ माणूस आहे. कितीतरी वेळ हातच सोडेना."

"मामा, हातावर रुमाल होता का?"

"होता."

"गुलाल?"

"पाठीवर."

"मामा!! अहो, सौदा करून आले तुम्ही! बाजारात भाव तोंडानं सांगत न्हाईत, बोटांनी सांगतात. रुमालाखाली. काय काय दाबलं त्यांनी?"

मी आठवून सांगितलं. पंजा म्हणजे पाच आणि वरची तीन बोटं म्हणजे तीन. चांदभाईंनी आठ लाख देऊ केले होते. तिला हवे होते तेवढेच, पहिल्याच दाबाला!

"मंग तुम्ही काय दाबलं?"

"पंजा. आणि एक बोट."

बाजार म्हटला की विकणारा भाव चढवतो आणि घेणारा पाडतो. घेणाऱ्यानं आठ म्हटल्यावर विकणाऱ्यानं हट्टानं सहावर आणलेला हा बहुधा पहिलाच सौदा असावा. चांदभाईंनी बिचाऱ्यांनी दोनदा विचारलं होतं!

"पण मी एक अक्षर बोललो न्हाई गं," मी म्हणालो.

"तेच तर!" वैशू म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

खरा घोळ पुढंच होता. रात्रीच्या जेवणाआधी चांदभाईंचाच फोन आला. स्वर मालकाचा. "साब, अपनी फिल्म का सोचा मैंने. वो शर्ट की दूसरी बाही लगवा देंगे. अधुरा माल मैंने जिंदगी में किसी को दिया न्हाई." तेव्हा मला उलगडलं. बाजारात अर्धा बैल विकत मिळत नाही. घेतला तर शिंगापासून शेपटीपर्यंत. मी सिनेमा अख्खा विकला होता, शेवटासकट!

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अकरा वेळा लिहिलेली गोष्ट, जिच्यासाठी पोरगी दोन वर्षं जिने चढली, कुणासाठी एक ओळ बदलली नाही, ती मी गुदगुल्यांपायी घालवली होती. सुनंदानं माझं ताट झाकून ठेवलं.

शुक्रवारी आम्ही चांदभाईंच्या घरी गेलो. वाटेत मी वैशूला म्हणालो, "मी सांगतो त्यांना, मला कळलं न्हाई, सौदा रद्द करा. माझं नाक कापलं गेलं तरी चालंल."

"न्हाई मामा. त्यांनी चारचौघांत टाळी दिलीय. आता मोडला तर बाजारात त्यांची मान खाली जाईल. त्यांनी काय वाईट केलंय?"

सत्तावीस वर्षांची पोर! मी मान खाली घालून तिच्या मागं चालू लागलो.

चांदभाईंनी शिरखुर्मा पुढं केला. त्यांच्या बेगम, जुलेखा चाची, आतल्या दाराशी मोडा, म्हणजे वेताचं बुटकं आसन, घेऊन बसल्या. वैशूनं वाटी हातातही घेतली नाही.

"चाचा, सौदा झाला. मला मंजूर हाय. सहा तर सहा."

चांदभाई खूश. "शाबास! मैं तो आठ पे था, बेटी. साबने खुद छे पे पकडा. मैंने दो बार पूछा."

मी शिरखुर्म्यातल्या खारका मोजू लागलो.

"पण चाचा, एक विचारू? बाजारात बैलावर गुलाल पडला की त्या घडीपासून चारा-पाणी कुणाचं?"

"लेनेवाले का. ये भी कोई पूछने की बात है?"

"गुलाल मामांच्या पाठीवर पडलाय. सगळ्या बाजारानं पाहिलाय." तिनं सॅकमधून ती यादी काढली. "बावीस माणसं. अठरा दिवस. दोन वेळचं जेवण आणि राहणं. हे आता तुमच्याकडं."

चांदभाईंनी यादी हातात धरली, लांब धरली, जवळ धरली. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि माझ्या अंगावर काटा आला. जेवण आणि राहणं मिळून सव्वादोन लाख! मी पाडलेले दोन लाख पोरीनं व्याजासकट परत आणले होते.

"तीन जने गुरुवार को उपास करते?" चांदभाई यादीत बोट ठेवून म्हणाले. "साबुदाना भी मेरे सर पे?"

"चारा म्हणजे चारा, चाचा."

आतून चाचींच्या हसण्याचा आवाज आला. चांदभाईही हसले आणि तेवढ्यात सावध झाले. "ठीक हय. पर बाही लगेगी. फिल्म मेरी हय."

"फिल्म तुमची," वैशू म्हणाली. "पण बैल विकला तरी त्याचं दावं विकत न्हाईत. बैल जातो, दावं विकणारा घरी घेऊन येतो. तीन बाजार मी तेच पाहिलं, चाचा. तुम्ही स्वतः दावं सोडून घेतलं प्रत्येक वेळी. तर माझं दावं मला द्या. गोष्टीचा शेवट हे माझं दावं हाय."

चांदभाईंनी दाढीवरून हात फिरवला. ज्यानं पन्नास वर्षं भल्याभल्यांना बोटांवर नाचवलं, तो माणूस माझ्या भाचीकडं नुसता पाहत राहिला. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी खिडकीकडं तोंड केलं.

"पर अधुरी बाही क्यूं?" ते अखेर हळू आवाजात म्हणाले. "देखनेवाले का दिल टूटेगा, बेटी."

उत्तर आलं ते आतल्या दाराकडून. चाची उठल्या, आत गेल्या आणि पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पिवळी पडलेली एक लहान कुर्ती होती, एका बाहीची.

"मेरी अम्मी सी रही थी. मेरे वास्ते," त्या म्हणाल्या. "एक बाही हुई, और अम्मी गयी. मेरी बडी आपाने कहा, ला, मैं लगा दूं. मैंने न्हाई दी." मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "अजी, रहने दो बाही. बराबर हय."

चांदभाईंनी ती कुर्ती कधीच पाहिली नव्हती. त्यांनी ती हातात घेतली, परत दिली आणि डोळे रुमालानं पुसले. वैशू चाचींच्या कुशीत शिरून रडत होती. मीही रडत होतो आणि रडता रडता शिरखुर्मा संपवला.

इतकी वर्षं मी मंजुरीचे शिक्के मारले. सिनेमाला मंजुरी कशी मिळते, हे मात्र मला त्या मोड्यापाशी कळलं. समिती नाही, ठराव नाही. एक बाई म्हणाली, बराबर आहे.

"बिटिया," चांदभाई नाक ओढत म्हणाले, "तू बैल बेचती, तो मैं भूका मरता."

आणि त्यांनी शब्द पाळला. अठराचे अठरा दिवस तीर्थपुरीत चाचींच्या देखरेखीखाली अशी चूल पेटली की सिनेमातला मरतुकडा शिंपी चौथ्या दिवसापासून गुबगुबीत दिसायला लागला आणि वैशूला त्याचं ताट लपवावं लागलं.

पण ते नंतरचं. आधी करारनामा व्हायचा होता. सोमवारी आम्ही सगळे वकिलाकडं जमलो. स्टॅम्पपेपरवर कलमं वैशूनं स्वतः लिहून आणली होती. पैसे किती, हप्ते कसे, जेवण कुणाचं, शेवट कुणाचा, कमाईतला तिचा हिस्सा किती. (हा हिस्सा चांदभाईंनी आपणहून घातला होता. "दावं रखनेवाले को कुछ तो मिलना," असं म्हणून.) वकिलांनी शेवटचं कलम मोठ्यांदा वाचलं. "चित्रीकरण पूर्ण होईपर्यंत सदर मामा यांनी चित्रपटाच्या वतीने कोणाच्याही हातात हात देऊ नये."

सुनंदा म्हणाली, "चित्रीकरणापर्यंतच का? कायमचं लिहा."

मी साक्षीदार म्हणून सही केली. चांदभाई आनंदानं उठले, "मुबारक हो, साब!" म्हणत त्यांनी माझ्यापुढं हात केला. खांद्यावर तोच रुमाल होता. मी शहाणा झालो होतो. दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधले आणि लांबूनच हसून मान डोलावली.

तशी वैशू टेबलापलीकडून ओरडली, "मामा, मानपण हलवू नका!"